न दिसणारी जोड

टाकेमास्तरांचं खरं नाव काय, हे बाजारात कुणालाच आठवत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. सोफा असो, खुर्ची असो, गाडीची सीट असो, काही उसवलं, फाटलं, दबलं की लोक म्हणायचे, टाकेमास्तरांकडे टाका. माणूस कसबी, यात वादच नाही. पण आपण कसबी आहोत हे त्या माणसाला जरा जास्तच ठाऊक होतं. फाटक्या सीटला जोड मारली की ती गिऱ्हाइकापुढे सरकवायचे आणि म्हणायचे, शोधा आता, जोड कुठे आहे ती. गिऱ्हाईक बिचारं बोट फिरवून फिरवून दमायचं. मग मास्तर स्वतःच नखाने जागा दाखवायचे आणि त्या आनंदात दिवसभर मशीन हाणायचे. "येत नाही" असं काही या माणसाच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. दुकानाच्या मागच्याच खोल्यांत संसार करणाऱ्या त्यांच्या बायकोने तर नाहीच नाही.

मास्तरांना एकुलती एक लेक, आणि लेकीला एक मुलगी. ही नात म्हणजे अडीच-तीन वर्षांचं वादळ. एका जागी टिकायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. तिचा आजोबांवर भलता विश्वास. बाहुलीचा कान तुटला, चेंडू फाटला, पुस्तकाचं पान निघालं, ते उचलायचं, आजोबांपुढे धरायचं आणि हुकूम सोडायचा, "तुटलं. शिव." आजोबा शर्टाच्या कॉलरला कायम खोचलेली सुई काढायचे आणि शिवायचे. एकदा तिने केळ्याची साल आणून दिली. मास्तरांनी तीही शिवून दिली, आणि वर बायकोला विचारलं, सांग बघू जोड कुठे आहे.

यंदा लेक-जावई भिंगरीला घेऊन चार दिवस राहायला आले, ते तिच्या रडण्याचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच पुढे पाठवत. डोंगरातला वळणावळणांचा रस्ता, त्यात पोरीला गाडी लागलेली. मागच्या बाजूला लहान मुलांसाठीची खुर्ची बांधलेली होती, ती सगळी ओकारीने भरलेली. भिंगरीच्या मानेवर पट्ट्याच्या काठाचा लाल वळ. मास्तरांनी तो बोटाने चाचपला. ते पटकन म्हणून गेले, की कशाला त्या खोड्यात अडकवता पोरीला, पुढे आईच्या मांडीवर बसेल की सुखाने. तिची आई तशीच वाढली, काय झालं तिला?

जावई लिफ्टची तपासणी करायच्या नोकरीत होता. दोर दिसला की ओढून बघायचा, खिळा दिसला की हलवून बघायचा, अशी त्याची खोड. स्वभावाने गरीब, पण या बाबतीत दगड. त्याने चहाचा कप खाली ठेवून समजावलं. मांडी नको, आणि पुढची सीट तर नकोच नको. गाडी आदळली तर आईच्या हातात पोर राहत नाही, कितीही घट्ट धरा. पुढची एअरबॅग मोठ्या माणसाच्या मापाने फुटते, ती एवढ्याशा मुलीला मारूनच टाकेल. मुलांची जागा मागे, आपल्या सीटमध्ये, पट्टा बांधून, आणि पट्टाही असा की खांदा नि पट्टा यांच्यात फार तर एक बोट जावं. हे सगळं तो इतक्या शांतपणे बोलला, की मास्तरांना आपल्याच घरात आपल्यालाच कुणी पाटी वाचून दाखवतंय असं वाटलं. पण जावई पडला. त्याच्याशी वाद घालणार कसा? मास्तरांनी राग चहाबरोबर गिळला.

तो गिळलेला राग दुसऱ्या दिवशी वर आला. जावई कुणा मित्राला भेटायला निघाला होता. जाताना म्हणाला, बाबा, सीटचं कापड तेवढं धुवा, पट्ट्यांना मात्र हात लावू नका, त्यांची शिवण कंपनीची असते. झालं. कंपनीची शिवण! उभा जन्म ज्याने शिवणीत घालवला त्याला हे ऐकवायचं? मास्तर बायकोला म्हणाले, यांच्या कंपनीने पोरीची मान कापायचीच काय ती बाकी ठेवली आहे आणि मी नुसतं कापड धूत बसू? बायको म्हणाली, ते नको म्हणालेत ना, मग कशाला हात लावता. मास्तरांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं.

खुर्ची दुकानात आली आणि मास्तरांचे हात चालू लागले. बुडाखाली आणि पाठीमागे त्यांनी मऊ फोमची जाड गादी बसवली. मग पट्टे. मानेला काचणारा भाग दोन्ही पट्ट्यांतून त्यांनी सरळ कापून काढला आणि त्या जागी सोफ्याला लावतात ती मऊ पट्टी जोडली. जोड मारायला सुई घेतली चामड्याची. ही सुई साधी नसते, तिच्या टोकाला बारीक पातं असतं आणि ती जाड चामड्यातही लोण्यासारखी जाते. आधी तुकड्यावर करून बघायची मास्तरांची रीत होती. कापलेल्या तुकड्यांवर एक जोड करून बघितली, ती फक्कड जमली, मग खऱ्या पट्ट्यांवर केली. वरून काळ्या मखमलीची खोळ चढवली. आणि माणूस बेफिकीर नव्हता हो, पक्कं झालंय ना, हे पाहायला त्यांनी एकेक पट्टा आढ्याच्या कडीला बांधला आणि खाली शिलाई मशीनचं लोखंडी धूड टांगलं. बायको भाजीची पिशवी घेऊन आत येत होती. ती म्हणाली, मशीनला फाशी देताय का? मास्तर हसले. धूड तासभर लोंबकळलं, टाका हलला नाही.

भिंगरीला बसवून बघितलं तर पोर खुशीत. मखमल गालाला घासत बसली, उतरायलाच तयार होईना. लेकीने बापाकडे असं बघितलं की मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. जायच्या सकाळी जावयाने खुर्ची गाडीत मागे बांधली, भिंगरीला बसवलं, पट्टा लावला, बोट घालून पाहिलं, एकच बोट जात होतं. ओढून पाहिलं, घट्ट होतं. गादीवर हात दाबून त्याच्या कपाळाला आठी पडली. पण लेकीने डोळे मोठे केले, कारण पोर जन्मात पहिल्यांदा त्या खुर्चीत हसत होती. मग त्याने मखमलीवर बोट फिरवलं आणि विचारलं, पट्ट्यांचं काही केलं नाही ना?

"त्यांना कोण हात लावतंय," मास्तर म्हणाले.

किती सहज म्हणाले. जीभ जराही अडखळली नाही. मागे उभी असलेली बायको नातीचा पापा घेऊन बाजूला झाली. गाडी गेली. मास्तर शीळ घालत दुकानात आले.

शेजारच्या गॅरेजात गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारा एक गडी होता. त्याला सगळे ठोक्या म्हणत. तो त्या सकाळी एक सीट खांद्यावर घेऊन आला. अपघातातली गाडी होती, चालवणाऱ्याची सीट, कव्हर नवं करायचं होतं. माणूस वाचला का, हे मास्तरांनी नेहमीप्रमाणे विचारलं. ठोक्या म्हणाला, वाचला, पण पोटाची वाट लागली, अजून दवाखान्यात आहे. पट्टा लावलेला होता हो, पट्ट्याची चूक नाही. पण शहाण्याने बुडाखाली ही भलीमोठी गादी घेतली होती, उंच दिसायला. गाडी आदळली तशी गादी बसली, पट्टा पडला सैल, आणि गडी पट्ट्याखालून सरकत पुढे. असं सांगून ठोक्याने ती गादी टेबलावर टाकली.

मास्तरांनी सवयीने तिच्यावर पंजा दाबला. चांगली चार बोटं जाडीचा फोम पंजाखाली पापडाएवढा झाला. हात काढला, पुन्हा फुगून वर आला. पुन्हा दाबला. पुन्हा पापड. फोम बसतो, हे मास्तरांना कुणी नव्याने सांगायला नको होतं, त्यांचं निम्मं पोट तर बसलेले फोम बदलण्यावर चालायचं. पण त्या क्षणी त्यांना पंजाखाली गादी दिसली नाही, भिंगरीची पाठ दिसली. जावयाने बोट घालून पाहिलं तेव्हा पट्टा घट्ट लागला, कारण आतून फोम ढकलत होता. गाडी आदळली तर फोम ढकलणार नाही. मग त्या पट्ट्यात बोट नाही, अख्खी पोर निसटेल.

 पण मनाने लगेच पट्ट्यांचा आधार धरला. सैल झाले तरी पट्टे आहेत ना, टाका आपला आहे ना. तेवढ्यात नजर टेबलाच्या कडेला गेली. करून बघितलेल्या जोडीचा तो तुकडा तिथेच पडला होता. का कोण जाणे, मास्तर उठले. तुकड्याचं एक टोक त्यांनी टेबलाच्या शिकंज्यात आवळलं, दुसऱ्याला दोरीने मशीनचं धूड बांधलं आणि हळूच सोडलं. टिकलं. ठोक्या कौतुकाने म्हणाला, मास्तर, तुमच्या टाक्याला तोड नाही. मास्तरांनी धूड पुन्हा वर उचललं, छातीपर्यंत आणलं, आणि या खेपेला हात एकदम सोडून दिले.

फाट्कन आवाज झाला आणि धूड जमिनीवर आदळलं. दोरा तुटला नव्हता. पट्टाच फाटला होता, सुईच्या भोकांच्या ओळीवरून, तिकीट फाडावं तसा सरळ. मास्तरांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला. प्रत्येक भोकाशी धागे कापलेले. चामड्याच्या सुईच्या पात्याने विणीचा एकेक धागा छाटला होता, आणि टाके जितके जास्त, जितके जवळ, तितका पट्टा जास्त कापलेला. आणि मास्तरांनी तर टाके भरपूर घातले होते. नातीचं काम होतं ना ते.

 त्यांनी लेकीला फोन लावला, लागेना. डोंगरात शिरले असणार. जावयाला लावला, तो वाजत राहिला. जावई गाडी चालवताना फोन उचलत नसे, आणि या चांगल्या सवयीला मास्तरांनी त्या दिवशी मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या ते न सांगितलेलं बरं. धूड आदळल्याचा आवाज ऐकून बायको मागून धावत आली. टेबलावरचा फाटका तुकडा तिने बघितला, नवऱ्याचा चेहरा बघितला, आणि ती सगळं समजली. तिने एवढंच विचारलं, की जावईबापूंना मागाहून तरी खरं सांगितलंत का. मास्तरांनी मान खाली घातली. मग ती ठोक्याकडे वळून म्हणाली, भाऊ, तुमची गाडी काढा.

ठोक्याची गाडी म्हणजे मालवाहू खटारा, पण इंजिन त्याने जिवापाड सांभाळलेलं. मास्तर शेजारी बसले, हातात फोन. गाव मागे पडलं, चढ सुरू झाला. मास्तरांना भीती म्हणजे काय ते त्या चढावर कळलं. दुसऱ्याच्या हातून वाईट होईल ही भीती वेगळी, तिथे निदान देवाला हाक मारता येते. इथे कुणाला हाक मारणार? आपल्या हाताने कापलं, आपल्या हाताने शिवलं, वर मखमल चढवली. समोरून येणारी प्रत्येक गाडी ते निरखून बघत होते, की कुणाच्या चेहऱ्यावर पुढचं काही दिसतंय का. एक रुग्णवाहिका भोंगा वाजवत खालच्या बाजूला गेली.  ठोक्या म्हणाला, अहो, रिकामी असेल. मास्तरांनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. रिकामी असेल तर भोंगा कशाला वाजवतील, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण ते विचारायची हिंमत झाली नाही.

वळणावर ब्रेक लागला की त्यांचं अंग आपोआप पुढे जायचं आणि छातीवर पट्टा आवळायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, हा टिकला, कारण याला माझा हात लागलेला नाही.

वरच्या खिंडीजवळ फोन वाजला. लेक होती. आवाज मजेत होता. बाबा, एवढे फोन का केलेत, काही विसरलो का आम्ही? आणि मग हसत हसत सांगू लागली, की तुमच्या लाडकीला त्या मखमलीत उकडायला लागलं, रडून गोंधळ घातला, शेवटी पुढे मांडीवर घेतलीय, आता झोपलीय. शेजारी गाडी चालवणारा जावई कुरकुरत होता, ते ऐकू येत होतं. लेक म्हणाली, हे बघा ना कसे कातावलेत. बाबा, तुम्हीच सांगा यांना, मी नाही का तशीच वाढले?

मास्तरांचेच बोल होते ते. जसेच्या तसे. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, पुढच्या काचेखालून ती हवेची पिशवी फुटते आहे आणि तिच्या नि लेकीच्या मधे भिंगरीचं डोकं आहे.

"आधी तिला मागे बसव," मास्तर ओरडले. "खुर्चीत बसव. आत्ताच्या आत्ता."

लेक दचकली असावी. बरं बरं, बसवते, ओरडताय काय, असं म्हणाली. आता दुसरं वाक्य बोलायचं होतं. त्या खुर्चीचे पट्टे मी कापलेत, गाडी हलवूच नका, तिथेच थांबा. एवढंच. पण फोनचा आवाज गाडीत मोठा केलेला होता, जावई ऐकत होता. मास्तरांनी घसा खाकरला. एकदा खाकरला, पुन्हा खाकरला. सुरुवात कशी करावी ते सुचेना. "आणि ऐक," ते म्हणाले, आणि तोवर खिंड मागे पडली होती, डोंगर मधे आला होता. फोन मुका झाला होता.

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा लावला. लावतच राहिले. ठोक्याने विचारलं, काय म्हणाली पोर?

"मी तिला तिथेच बसवलं," मास्तर म्हणाले. "आता मीच सांगून तिथे बसवलं."

 ठोक्याने पाय दाबला. खटारा खडखडू लागला, मागे अवजारं एकमेकांवर आपटू लागली. मास्तर डोळे मिटून बसले, तर मिटल्या डोळ्यांपुढे टाके दिसायला लागले. एकसारखे, जवळजवळ, सुरेख. ज्या हातांची त्यांना जन्मभर ऐट होती ते मांडीवर पडून होते. घसा खाकरायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात ते वाक्य दोनदा बोलून झालं असतं. कशासाठी खाकरलो? जावयापुढे मान खाली जाऊ नये म्हणून. आपल्या मानेसाठी पोरीची मान टांगणीला लावली. ते स्वतःशीच मोठ्याने बोलले, लाज वाटली पाहिजे, लाज. ठोक्याने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

उतार संपला तिथे पेट्रोलपंप होता. पंपाच्या अलीकडे गाड्या हळू झाल्या. कुणीतरी हाताने गाड्या बाजूने काढत होतं. एक टेम्पो तिरका उभा, त्याच्या मागे एक गाडी, तिचं नाक चेपलेलं, रस्त्यावर दिव्याच्या काचा. गाडी ओळखायला मास्तरांना नंबर बघावा लागला नाही. तिच्या सीटची कव्हरं त्यांनीच शिवली होती.

खटारा थांबायच्या आधीच त्यांनी दार उघडलं. उतरून ते पंपाकडे निघाले.  पंपाच्या कट्ट्यावर लेक बसली होती. तिच्या मांडीवर ओढणीचं गुंडाळं होतं, आणि ओढणीला रक्त होतं. ते गुंडाळं हलत नव्हतं. कट्ट्यापर्यंतचं ते अंतर मास्तर कसे चालले, हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. मग गुंडाळ्यातून एक पाय बाहेर आला आणि त्याने बूट झटकून टाकला.

मास्तर रडले. रस्त्यात, चार लोकांसमोर, लहान मुलासारखे रडले. भिंगरीचा ओठ फाटला होता, कपाळावर टेंगूळ आलं होतं. पंपाशेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी येऊन बघितलं होतं, भिण्यासारखं काही नाही असं सांगितलं होतं. लेकीचा उजवा हात मात्र सुजून आला होता. तिने सांगितलं ते असं. तुमचा फोन आला तशी गाडी कडेला घेतली, हिला मागे बसवलं, पट्टे लावले, आणि ही किरकिर करत होती म्हणून मीही मागेच बसले हिच्या शेजारी. इथे येतो तोवर पुढचा टेम्पो एकदम थांबला. आम्ही हळूच होतो, बाबा, पंपात वळायचंच होतं. पण लागलं नाक. आणि पट्टा फाटला. माझ्या डोळ्यांदेखत फाटला. मी हात आडवा घातला म्हणून, नाहीतर ही पुढच्या दोन सीटांच्या मधून आरपार गेली असती.

जावई गाडीच्या मागच्या दारापाशी उभा होता. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण आज तो ओरडत होता. त्याने ती खुर्ची सोडवून बाहेर काढली होती. तो सासऱ्यांना म्हणाला, बघा, बाबा, बघा ही कंपनी. सायकलच्या वेगाला फाटला पट्टा. वेग असता तर? मी यांना सोडणार नाही. फोटो काढलेत, तक्रार करणार, कोर्टात खेचणार. पोरांच्या जिवाशी खेळतात.  त्याने पुढे येऊन मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही फोनवर ओरडलात म्हणून ती मागे होती," तो म्हणाला. "पुढे मांडीवर असती तर काय झालं असतं? बाबा, तुमच्यामुळे वाचली."

मास्तरांचे हात त्याच्या हातात होते, आणि त्यांनी ते ओढून घेतले नाहीत. लेक डोळे पुसत बापाकडे बघत होती. तुम्ही एवढ्या लांब मागे कसे आलात, हे अजून कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं. ठोक्याने मास्तरांकडे एकदा बघितलं आणि तो टेम्पोवाल्याशी बोलायच्या निमित्ताने लांब जाऊन उभा राहिला. म्हणजे कुणी काही सांगणार नव्हतं. घरी बायको होती, ती मेली तरी बोलली नसती. काळ्या पट्ट्यात काळा दोरा होता. जोड न दिसण्यासारखीच होती. मास्तरांना हे सगळं एका क्षणात कळलं, आणि ते कळलं याचीच त्यांना भीती वाटली. गप्प राहणं किती सोपं होतं. सकाळी किती सहज जमलं होतं.

भिंगरी आईच्या मांडीवरून खाली घसरली. सुजलेला ओठ बाहेर काढून, एक बूट पायात आणि एक नाही, अशी लंगडत ती खुर्चीपाशी गेली. लोंबणारा पट्टा तिने मुठीत धरला आणि ओढला. मखमलीची खोळ निसटून हातात आली, तशी ती तिने टाकून दिली. फाटलेलं टोक घेऊन ती पट्टा पुरेल तेवढं आजोबांकडे आली आणि हात वर केला.

"तुटलं," ती म्हणाली. "शिव."

मास्तरांचा हात कॉलरकडे गेला. सुई तिथेच होती. त्यांनी ती बोटांत धरली, पण काढली नाही. ते नातीसमोर, रस्त्याच्या धुळीत गुडघे टेकून बसले, म्हणजे आता जावई त्यांच्या डोक्यावर उभा होता आणि त्याचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. घसा पुन्हा खाकरायला आला. ते खाकरले नाहीत.

"हे आजोबांनीच शिवलं होतं, बाळा," ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पट्टे मी कापले, मीच जोडले, आणि सकाळी खोटं बोललो."

जावयाचे बूट एक पाऊल मागे सरले. लेक कट्ट्यावरून उठल्याचा आवाज आला.  भिंगरीला यातलं काही कळलं नाही. तिला एवढंच दिसत होतं, की आजोबा समोर आहेत, सुई आहे, आणि तरी काम होत नाही. तिने पट्ट्याचं टोक त्यांच्या हाताला लावून पुन्हा सांगितलं, शिव ना.

"नाही गं," मास्तर म्हणाले. "हे मला येत नाही."